कागदावरचं लिंग बदलताना

दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव आणि रोजच्या जगण्यात दुसरंच. आधारवर ‘पुरुष’ आणि बँकेच्या काउंटरसमोर उभी असलेली व्यक्ती साडीत. अशी माणसं आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहेत, घाटावर आहेत तशी घाटाखालीही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ अशी नोंद ४०,८९१ जणांची झाली. घरातला कर्ता माणूस जे सांगेल तेच प्रगणक लिहून घेतो, त्यामुळे हा आकडा कमीच धरलेला बरा. या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना पडणारा पहिला प्रश्न साधा असतो: नोंद बदलायची तर सुरुवात कुठून करायची?

बहुतेक जण सुरुवात आधार केंद्रापासून करतात, कारण ते जवळ असतं. तिथला ऑपरेटर कागद मागतो. कागद नसतो. मग कुणी सांगतं कोर्टात जा, कुणी सांगतं मुंबईला जाऊन ऑपरेशन करून या, कुणी नोटरीकडे पाठवतं. पैसे जातात आणि हातात काही पडत नाही. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने सुरुवातीची जागा ठरवून दिली आहे, ती म्हणजे जिल्हा दंडाधिकारी. आपल्यासाठी बुलढाण्याचं जिल्हाधिकारी कार्यालय. तिथून मिळणारं ओळख प्रमाणपत्र हा पहिला कागद, आणि बाकीचे सगळे त्याच्या आधाराने बदलायचे. हा क्रम उलटा केला की माणूस दोन नावांत आणि दोन नोंदींत अडकतो, आणि ती गाठ सोडवायला मूळ कामाहून जास्त वेळ लागतो. म्हणून या लेखात कलमांपेक्षा क्रमाबद्दल जास्त बोलायचं आहे.

आधी कायदा थोडक्यात. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नाल्सा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात तृतीयपंथीयांना तिसरं लिंग म्हणून मान्यता दिली, आणि स्वतःची लिंगओळख ठरवणं हा व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा भाग मानला. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीही आपली बाजू मांडली होती. त्यानंतर संसदेत आलेल्या २०१६ च्या विधेयकात जिल्हा छाननी समितीची कल्पना होती. वैद्यकीय अधिकारी, मानसतज्ज्ञ, समाजकल्याण अधिकारी वगैरे मंडळी बसून माणूस तृतीयपंथी आहे की नाही ते सांगणार होती. देशभर विरोध झाला आणि २०१९ च्या कायद्यात ती समिती राहिली नाही. तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम १० जानेवारी २०२० पासून अंमलात आला, आणि त्याचे नियम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघाले. प्रतिज्ञापत्रावर आधारित अर्ज, आणि त्यासाठी कोणतीही शारीरिक तपासणी नको, असं त्या नियमांत स्पष्ट लिहिलं गेलं.

ओळख कोणी ठरवायची, स्वतः माणसाने की डॉक्टरांच्या मंडळाने, हा या विषयातला सगळ्यात मोठा वाद आहे आणि तो आपल्याकडचाच नाही. अर्जेंटिनाने २०१२ मध्ये स्वतःच्या घोषणेवर नोंद बदलू दिली, जर्मनीने नोव्हेंबर २०२४ पासून. ब्रिटनच्या २००४ च्या कायद्यात मात्र वैद्यकीय निदानाचे कागद आणि दोन वर्षं त्या ओळखीने जगल्याचा पुरावा एका मंडळापुढे ठेवावा लागतो. ज्या मुद्द्यावर इतका वाद आहे तो मुद्दा कायदेमंडळं पुन्हा पुन्हा उघडतात. म्हणून माझी कळकळीची सूचना अशी की, अर्ज भरण्याच्या दिवशी कायद्याचा आणि नियमांचा दुरुस्त्यांसह असलेला मजकूर पाहून घ्या. व्याख्या काय आहे, वैद्यकीय मंडळाची शिफारस मागितली आहे का, नमुना कोणता आहे, हे तीन प्रश्न विचारा. मित्राचा दोन वर्षांपूर्वीचा अनुभव, यूट्यूबवरचा व्हिडिओ किंवा हा लेख, कशावरही त्याबाबतीत विसंबू नका. विचारायची जागा आहे जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, किंवा १५१०० ही मोफत कायदेशीर मदतीची दूरध्वनी सेवा. पुढे जे सांगतो आहे ते २०१९ चा कायदा आणि २०२० चे नियम जसे निघाले त्यांच्या आधाराने.

अर्ज केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय विभागाच्या राष्ट्रीय पोर्टलवर भरायचा. हे पोर्टल नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालं. संग्रामपूर किंवा जळगाव जामोदच्या माणसाला सातपुड्याच्या पायथ्यापासून घाट चढून बुलढाण्याला खेटे घालावे लागू नयेत, हा त्याचा मोठा फायदा. दुसरा फायदा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. गावातल्या सेवा केंद्रावर बसलेला मुलगा आपल्याच भावकीतला असतो. त्याच्यासमोर हा अर्ज भरला की संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा. अर्ज स्वतःच्या फोनवरून भरता येतो, कागदपत्रांचे फोटो चढवता येतात आणि प्रमाणपत्र तिथूनच उतरवून घेता येतं. फोनवर जमत नसेल तर तालुक्याच्या किंवा दुसऱ्या गावच्या केंद्रावर जा. घरी अजून सांगितलेलं नसेल तर अर्जातला मोबाइल क्रमांक आणि ईमेल फक्त तुमच्या हाती असलेलाच द्या. घरातल्या सामाईक फोनवर आलेला एक संदेश सगळं उघड करू शकतो.

अर्जासोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र लागतं. अर्जदार त्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहत असावा, असं नियम म्हणतो. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुलं कामाला पुण्याला, सुरतेला, मुंबईला असतात, त्यांनी इथे नीट विचार करावा. वर्षभर पुण्यात भाड्याने राहत असाल तर अर्ज पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. मतदार यादीत नाव मेहकरला आहे म्हणून मेहकरचा पत्ता टाकायचा आणि चौकशीच्या वेळी घरी कुणी सापडू नये, असं होऊ देऊ नका. अर्ज पोचला की एक क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा, त्याचा स्क्रीनशॉट काढा. अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रमाणपत्र आणि ओळखपत्र द्यावं, अशी मुदत नियमांत आहे. कायदा येण्याआधीच ज्यांनी सरकारी कागदांवर पुरुष, स्त्री किंवा तृतीयपंथी अशी नोंद बदलून घेतली होती त्यांना पुन्हा अर्ज करण्याची गरज नाही, असंही नियम सांगतात. जुन्या मंडळींना हे कुणी सांगत नाही.

आता वाट दोन ठिकाणी फुटते, आणि इथे घाई नको. कलम ६ खाली मिळणाऱ्या पहिल्या प्रमाणपत्रावर लिंग ‘ट्रान्सजेंडर’ असं येतं. ज्यांना ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी आहे त्यांच्यासाठी कलम ७ आहे. शस्त्रक्रिया झाल्यावर, ती जिथे झाली त्या रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचं किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र जोडून पुन्हा जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा आणि सुधारित प्रमाणपत्र घ्यायचं. त्याला नियमांत पंधरा दिवसांची मुदत आहे. २०२० च्या नियमांनी वैद्यकीय उपचारांची व्याख्या बरीच रुंद केली. समुपदेशन आणि हार्मोन उपचारही तिच्यात येतात. हा मुद्दा तुमच्या बाबतीत लागू पडतो का, ते वकिलाला विचारा. सुधारित प्रमाणपत्र घेतल्याने तृतीयपंथी म्हणून कायद्याने दिलेले हक्क जात नाहीत, असं कलम ७ मध्येच लिहिलेलं आहे.

दोन टप्प्यांचा व्यावहारिक परिणाम आधारवर होतो. आधारमधलं लिंग साधारणपणे एकदाच बदलता येतं, नाव दोनदा. पहिल्या प्रमाणपत्रानंतर लगेच आधारवर ‘ट्रान्सजेंडर’ करून घेतलं आणि वर्षभराने शस्त्रक्रियेनंतर ‘स्त्री’ करायला गेलात, तर केंद्रावर संगणकच अर्ज अडवतो. मग अपवाद म्हणून आधारच्या प्रादेशिक कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागतो. तो मार्ग बंद नाही, पण लांबचा आहे. शस्त्रक्रियेची तारीख जवळ आली असेल तर आधारचा बदल थोडा थांबवा. शस्त्रक्रिया करायचीच नसेल, किंवा कधी होईल ते ठाऊक नसेल, तर थांबण्यात काही अर्थ नाही. कुठल्याही कागदासाठी शस्त्रक्रियेची घाई करू नका, ही विनंती. स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्या अप्रशिक्षित लोकांच्या हातात देह देऊन या समाजातली माणसं दगावली आहेत. आयुष्मान भारत योजनेखाली तृतीयपंथीयांसाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणाची तरतूद ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली आणि तिच्यात लिंगबदलाच्या शस्त्रक्रियाही धरल्या आहेत. तिच्यासाठीही हेच ओळख प्रमाणपत्र लागतं.

नोकरीत असलेल्यांनी ललित साळवे यांचं उदाहरण लक्षात ठेवावं. बीड पोलीस दलात ललिता साळवे म्हणून भरती झालेल्या या शिपायाने २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. खात्याने नकार दिला, कारण महिला म्हणून भरती झालेल्या व्यक्तीने पुरुष म्हणून सेवेत राहायचं कसं, याचं उत्तर खात्यापाशी नव्हतं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१८ मध्ये राज्याच्या गृह विभागाने परवानगी दिली, मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे पुरुष म्हणून त्याच दलात परतले. तेव्हा २०१९ चा कायदाही नव्हता. आज तुम्ही शाळेत, बँकेत, महावितरणात किंवा एखाद्या सूतगिरणीत कामाला असाल, तर नोकरी आणि बढतीत भेदभाव करता येत नाही असं कलम ९ सांगतं, आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमलेला असावा असं कलम ११ सांगतं. साळवे यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट ही की, त्यांनी आधी लेखी अर्ज केला. नकार कागदावर होता, म्हणूनच त्याला आव्हान देता आलं.

नावाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. आपल्याकडे नाव तीन पदरी असतं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. कलम ७ मध्ये बदलता येण्याचा उल्लेख पहिल्या नावाचा आहे. वडिलांचं नाव आणि आडनाव आहे तसं ठेवलं की जात प्रमाणपत्र, सातबारा, शाळेचा दाखला आणि वारसा यांची साखळी तुटत नाही. पण घर सुटलेल्या आणि गुरूच्या आश्रयाला गेलेल्या कितीतरी जणी वडिलांच्या नावाच्या जागी गुरूचं नाव लावतात. ते नातं त्यांच्यासाठी खरं असतं, बापाने दार लावलं तेव्हा गुरूने उघडलेलं असतं. त्याचा मान ठेवूनही मी सांगेन की, सरकारी कागदावर गुरूचं नाव घालण्याआधी विचार करा. अनुसूचित जातीचं, इतर मागासवर्गाचं किंवा भटक्या जमातीचं प्रमाणपत्र वडिलांकडच्या पुराव्यांवर मिळतं. उपविभागीय अधिकाऱ्याच्या आणि जात पडताळणी समितीच्या टेबलावर वंशावळ जुळवावी लागते. तिथे वडिलांचं नावच नसेल तर शिक्षणाचे आणि आरक्षणाचे लाभ अडकून पडतात. गुरूचं नाव लावायचंच असेल तर राजपत्रातल्या प्रसिद्धीत जुनं संपूर्ण नाव आणि नवं संपूर्ण नाव दोन्ही नीट येऊ द्या, आणि त्या पानाच्या प्रती जन्मभर जपा.

नव्या नावाचं मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग अर्ज भरण्याआधी एका कागदावर लिहून ठरवा आणि ते पुन्हा बदलू नका. ‘गौरी’ एका ठिकाणी एका स्पेलिंगने आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्याने गेलं, की बँकेचा संगणक दोन वेगळ्या व्यक्ती समजतो आणि निराधार योजनेचं अनुदान परत जातं. ऱ्हस्व-दीर्घ, ‘राव’ लावायचा की नाही, वडिलांच्या नावापुढे ‘सिंग’ आहे की ‘सिंह’, हे सगळं एकदाच पाहून घ्या.

प्रमाणपत्र हाती आलं की राजपत्र. महाराष्ट्र शासन राजपत्रात नाव बदलाची जाहिरात शासन मुद्रण विभागाच्या संकेतस्थळावरून देता येते. ओळख प्रमाणपत्राच्या आधारावरच कागद बदलून द्यायला हवेत अशी कायद्याची भूमिका आहे, त्यामुळे राजपत्र सगळीकडे मागता येणार नाही. तरीही मी ते काढून ठेवायला सांगतो. शाळा, पतसंस्था, विमा कंपनी, खासगी मालक यांना राजपत्राचं पान ओळखीचं असतं, आणि ओळखीचा कागद पाहिला की वाद थांबतो. त्यानंतर आधार, मग पॅन. पॅनच्या अर्जात २०१८ पासून ट्रान्सजेंडर हा स्वतंत्र रकाना आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर केंद्राने मान्य केलं की, जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र पॅनसाठी ग्राह्य धरता येईल. आधार आणि पॅन जुळले की बँक, गॅस, रेशन कार्ड ही कामं सरळ होतात. रेशन कार्डासाठी तहसील कार्यालयाचा पुरवठा विभाग. मतदार यादीसाठी नमुना ८, तो बीएलओकडे किंवा ऑनलाइन. वाहन परवान्यासाठी बुलढाण्याचं परिवहन कार्यालय. पासपोर्टला आपला जिल्हा नागपूरच्या कार्यालयाखाली येतो, आणि तिथे हा बदल ‘री-इश्यू’ म्हणून होतो.

नियमांत या कागदांची यादीच जोडलेली आहे: जन्म दाखला, जात प्रमाणपत्र, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, मतदार ओळखपत्र, आधार, पॅन, वाहन परवाना, रेशन कार्ड, पासबुक, पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र वगैरे. ज्या कार्यालयाने मूळ कागद दिला त्याने अर्ज मिळाल्यापासून पंधरा दिवसांत बदल करावा आणि कागदाचा मूळ क्रमांक तोच ठेवावा, असं नियम म्हणतात. क्रमांक तोच राहतो हे फार उपयोगाचं आहे. जुनी आणि नवी व्यक्ती एकच असल्याचा पुरावा कागद स्वतःच देतो. या नियमाची झेरॉक्स फाइलमध्ये ठेवा. कितीतरी टेबलांवर हा नियम आधी कुणी वाचलेलाच नसतो. कारकुनाशी भांडण्यापेक्षा ते पान पुढे सरकवलं तर काम लवकर होतं.

खरी दमछाक दोन कागदांची होते, दहावीचं प्रमाणपत्र आणि जन्म दाखला. दहावी-बारावीसाठी अर्ज तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत राज्य मंडळाच्या अमरावती विभागीय कार्यालयाकडे जातो. शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीत बदल झाल्याशिवाय मंडळ पुढे सरकत नाही, आणि शाळा सोडलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदीला हात लावायला मुख्याध्यापक कचरतात, कारण शाळा संहिता त्याबाबत कडक आहे. म्हणून शाळेत तोंडी विनंती करू नका. प्रमाणपत्र, राजपत्र आणि नियमांची प्रत जोडून लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. त्याच अर्जाची प्रत स्पीड पोस्टाने थेट अमरावतीला पाठवा. पदवीच्या कागदांसाठी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. शिक्षण सुरू असतानाच प्रमाणपत्र मिळालं असेल तर परीक्षा अर्जाच्या आधी महाविद्यालयात नोंद बदलून घ्या. गुणपत्रिका छापून आल्यावर ती बदलणं पुष्कळ अवघड असतं.

जन्म दाखला जिथे जन्म झाला तिथेच बदलतो. गावात झाला असेल तर ग्रामपंचायत, खामगाव-शेगावसारख्या शहरात झाला असेल तर नगरपरिषद. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा हा विषय डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलाच नव्हता. त्यातलं कलम १५ चुकीच्या नोंदीच्या दुरुस्तीबद्दल आहे, त्यामुळे निबंधक म्हणतो की जन्माच्या वेळची नोंद चूक नव्हती, मग दुरुस्ती कशाची? याच अडचणीवर कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये वाट काढली. जुनं आणि बदललेलं नाव व लिंग दोन्ही दाखवणारा सुधारित दाखला द्यावा, असा आदेश तिथे झाला. तो महाराष्ट्रातल्या निबंधकावर बंधनकारक नाही, पण वकिलाला आधार म्हणून दाखवता येतो. ग्रामपंचायतीत नकार मिळाला तर तिथेच हुज्जत घालू नका, तो नकार लेखी मागा.

बदललेली नोंद कामाला येते कशी, याचं एक उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातलं आहे. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली गुरू संजना जान यांनी सर्वसाधारण महिलांसाठी राखीव प्रभागातून अर्ज भरला. तृतीयपंथी म्हणून तो नाकारला गेला. २ जानेवारी २०२१ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१९ च्या कायद्याचा आधार घेऊन नकार रद्द केला आणि त्यांना स्त्री म्हणून लढू दिलं. त्या निवडूनही आल्या. न्यायालयाने आवर्जून नोंदवलेली एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. आपण आयुष्यभर स्त्री हीच ओळख ठेवणार, सोयीसाठी पुन्हा पुरुष होणार नाही, असं त्यांच्या वतीने सांगण्यात आलं होतं. एका अर्जात एक आणि दुसऱ्या अर्जात दुसरं लिंग लिहिणाऱ्याची बाजू कोर्टात लंगडी पडते. पोलीस भरती असो, घरकुल असो की बचत गटाचं कर्ज, नोंद बदलल्यानंतर भरलेल्या प्रत्येक अर्जात तीच नोंद लिहा.

खेड्यात याच्याही आधी विचारला जातो तो प्रश्न जमिनीचा. मुलगा मुलगी झाला तर वाटा जाईल का? नाही जात. हिंदू वारसा कायद्यात २००५ पासून मुलगी मुलाइतकीच सहदायाद आहे, आणि तिचा हक्क जन्माने आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. मुलगी मुलगा झाली तरी तेच. सातबाऱ्यावर नाव असेल तर तलाठ्याकडे राजपत्र आणि प्रमाणपत्र देऊन नावाचा फेरफार घ्या. नाव अजून लागलेलं नसेल आणि भावांनी हक्कसोडपत्रावर सही मागितली असेल, तर नोंद बदलण्याच्या गडबडीत सही करू नका. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि तो जोडून दाखवणारा माणूस तुमच्या हिताचा नाही. लग्नाबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं की, तृतीयपंथी व्यक्तीला स्त्री-पुरुष नात्यात, लागू असलेल्या विवाह कायद्यांखाली लग्न करता येतं. आधीच लग्न झालेलं असेल तर नोंद बदलल्याने ते आपोआप संपत नाही, त्यासाठी वेगळी न्यायालयीन वाट आहे. कर्ज, जामीन, पोलीस केस हेही सगळं जुन्या नावावरून नव्या नावाबरोबर चालत येतं.

जिल्हाधिकारी कार्यालयाने अर्ज फेटाळला तर कारण लेखी मिळायला हवं. तो निर्णय कळल्यापासून नव्वद दिवसांत अपील करता येतं, ही मुदत चुकवू नका. काहीच उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारा की अमुक क्रमांकाचा अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होता. समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयालाही लेखी कळवा. त्याच्या पुढची पायरी उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. तिथे जायची वेळ आली आणि ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मागता येतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि ठरावीक उत्पन्नाखालच्या लोकांना ही मदत १९८७ च्या कायद्याने मोफत आहे.

शेवटचा भाग आईवडिलांसाठी. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर अर्ज आईवडील किंवा पालकच करू शकतात, मुलाला स्वतःला तो करता येत नाही. तुम्ही तयार नसाल तर अर्ज करू नका, वेळ घ्या. पण त्या काळात मुलाला देवऋषाकडे, अंगाऱ्याधुपाऱ्याला किंवा मारून-मुटकून सरळ करतो म्हणणाऱ्याकडे नेऊ नका. शाळेतल्या शिक्षकांना भेटा, जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात बोला. मूल तृतीयपंथी आहे म्हणून त्याला घरापासून तोडता येत नाही, त्यासाठी न्यायालयाचाच आदेश लागतो, असं कलम १२ सांगतं. घरात राहण्याचा आणि घरातल्या सोयी वापरण्याचा हक्क त्याच कलमात आहे. तृतीयपंथी व्यक्तीला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणं हा कलम १८ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत, शिवाय दंड. हे सरपंचांनी आणि पोलीस पाटलांनीही वाचून ठेवावं, कारण बैठक बसते ती बहुधा त्यांच्यासमोरच. अशी बैठक बोलावली गेली आणि गावाबाहेर जायला सांगितलं गेलं, तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. ठाण्यात घेतली नाही तर ती स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे बुलढाण्याला पाठवा, आणि पोस्टाची पावती प्रमाणपत्राच्याच फाइलमध्ये लावा.